चित्राला नऊ

करमअलीच्या वहीत दोनच रकाने होते. डावीकडे चित्र, उजवीकडे संदेश, आणि दोन्हींना दहापैकी गुण. वाघ असो, व्हेल असो, नाहीतर ध्रुवावरची अस्वलं असोत, करमअलीच्या टीव्हीवर आली की त्यांची परीक्षा झालीच म्हणून समजा. आणि परीक्षक भलताच कडक. अस्वलाच्या केसांत निळसर झाक दिसली की अर्धा गुण गेला. समुद्राचा निळा रंग सलग न उतरता त्यात पट्टे पडले की एक गुण गेला. घुबडामागचा काळोख काळा नसून राखाडी निघाला, तर त्या डिस्कची काही धडगत नव्हती.

संदेशाच्या बाबतीत तो त्याहून खाष्ट. "पंचेचाळीस मिनिटं सांगतात की सगळं संपत आलं," तो चिडून म्हणायचा, "आणि शेवटच्या पाच मिनिटांत सूर्य उगवतो, वाजंत्री वाजते, एक पिल्लू अंडं फोडून बाहेर येतं नि बाई बोलते की अजून वेळ गेलेली नाही. अरे, गेली ना वेळ! मग गेली म्हणून सांगा की!" अशा फिल्मला चित्रात साडेनऊ मिळाले तरी संदेशात तो चारच्या वर जायचा नाही. खोटी आशा दाखवणारा आणि दुधात पाणी घालणारा, दोघे त्याच्या लेखी एकाच माळेचे मणी.

हा अधिकार त्याला फुकट मिळाला नव्हता. सव्वीस वर्षं त्याने कुवेतला टीव्हीच्या एका मोठ्या दुकानात काढली होती. भिंतभर चाळीस टीव्ही, आणि चाळीसांवर दिवसभर पोपट, प्रवाळ, फुलपाखरं. गिऱ्हाईक पोपट बघून टीव्ही घ्यायचं आणि घरी नेऊन बातम्या बघायचं, तो भाग वेगळा. ते चाळीसही टीव्ही एका रंगात ठेवायचं काम करमअलीचं. त्याला ते शिकवलं कुलदीप नावाच्या लुधियान्याच्या सरदारजीने. "पहले सफेद पकड़, करम," तो म्हणायचा. "सफेद हाथ में आ गया, तो बाकी रंग अपने आप घर आ जाते हैं." चित्रात पांढरी वस्तू शोधायची, ती पांढरी दिसेपर्यंत रंग जुळवायचे, की पोपट आपोआप हिरवा होतो. करमअलीने हे इतकं गिरवलं होतं, की निकाहाच्या दावतीला बसला तरी त्याची नजर आधी दस्तरखानाच्या पांढऱ्या कापडावर जायची.

आता वय चौसष्ट, गुडघे गेलेले आणि मुक्काम सावरखारला. आगरदांड्याहून रिक्षाने वीस मिनिटं. घर खाडीच्या तोंडावर, कुवेतच्या पगारातून बांधलेलं. पुढच्या खोलीत पासष्ट इंची टीव्ही आणि काचेच्या कपाटात निसर्गपटांच्या तीनशे बारा डिस्का. मुलगा वासिफ बापाच्याच वाटेने कुवेतला गेला होता, तो नवीन डिस्का धाडायचा. करमअली बघायचा, वहीत गुण मांडायचा आणि हौशी लोकांच्या एका वेबसाइटवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपला निकाल टाकायचा. वाचक अकरा. त्यांतला एक फिनलंडचा. तो "करमसाहेबांशी सहमत" असं लिहायचा, आणि त्या दिवशी करमअली दोन घास जास्त जेवायचा.

खोलीला खाडीच्या बाजूने मोठी खिडकी होती. तिच्यावर कायम जाड तपकिरी पडदा, कारण उजेड आला की टीव्हीतला काळा रंग मरतो.

"दर्या दारात हाय," त्याची बायको महेरुन्निसा येईल त्याला सांगायची, "आणि हा माणूस पडदा ओढून टीव्हीत मासे बघतो."

करमअली यावर नुसता हसायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने एकदा विचारलं होतं, की हल्ली ताटात तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, का नसतात. "मिळत न्हाईत," महेरुन्निसा म्हणाली होती. "मौसम नसेल," म्हणून त्याने डिस्क बदलली होती.

त्या तिसऱ्या चाळीस वर्षं या घरात आणून देणारी वेणूबाई एका रविवारी दुपारी आली, ती पाटी न घेताच. मागे तिचा नवरा हरेश्वर, हातात टोपी. कोळीवाडा खाडीच्या पलीकडच्या अंगाला, तिथून दोघं उन्हातून चालत आली होती. वेणूबाईने कनवटीचा फोन काढून करमअलीसमोर ठेवला.

"भाय, ह्यात तीन वर्सांची खाडी हाय," ती म्हणाली. "तुमी बघा. तुमालाच कळल."

हकीकत अशी होती. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने खाडीच्या तोंडाशी मालवाहू बार्ज लावायला धक्का बांधला आणि बार्ज आत यावेत म्हणून तळ उपसला. उपसलेला गाळ बाहेर टाकला. भरतीने तो उचलून परत आत आणला आणि नेमका तिसऱ्यांच्या टेंभावर आणून पसरला. ओहोटीला उघडा पडणारा तो वाळूचा उंचवटा म्हणजे कोळीवाड्यातल्या चाळीस बायकांचं पोट. पुरुषांची होडी मालकाची असेल, कर्जाची असेल, पण टेंभ बायकांचा. सासूने सुनेला जागा दाखवायची, कुठे बसायचं, कुठपर्यंत उकरायचं, हे ठरलेलं. आता कंपनीला तोंड आणखी रुंद करायचं होतं, आणि या खेपेस टेंभच उपसून न्यायचा होता. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की पहिल्या कामाचा टेंभावर काहीही परिणाम झालेला नाही. त्यावर गुरुवारी तालुक्याला जनसुनावणी होती. गावाला बोलायला दहा मिनिटं मिळणार होती, आणि दाखवायचं असेल ते पडद्यावर दाखवता येणार होतं.

"नूतन म्हनून पोरगी आलेली कालेजातून, शिंपल्यांचा अभ्यास करायला," वेणूबाई सांगू लागली. "ती बोलली, मावशी, दर आवशेला एकाच जागेवरनं शूटिंग काढायची. तोच खुंट, तीच ओहोटी. नि बाजूला आपली एक वस्तू ठेवायची, म्हंजे बघनाऱ्याला माप कळतं. मी माज्या बर्फाच्या पेटीचं झाकन ठेवलं. थर्मोकोलचं. एक आवस चुकवली न्हाय भाय. ताप असला तरी गेली."

"आणि ती नूतन?"

"नोकरीला गेली लांब. फोन लागत न्हाय तिचा," हरेश्वर म्हणाला. "कंपनीकडं साहेब हायत, इंजिनेर हायत. आमच्याकडं तुमीच."

करमअलीला भरून आलं. सव्वीस वर्षं परक्या मुलुखात परक्यांचे पोपट हिरवे केले. आज गाव आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवून दारात आलं होतं. "बेफिकीर राहा," तो म्हणाला. "अशी करून देतो की साहेब खुर्चीत हलायचे नाहीत."

वेणूबाई मात्र उठेना. तिने फोनवरून एकदा हात फिरवला. "त्यांनी मानलं न्हाय, तर आमाला बसायला जागाच न्हाय भाय," ती म्हणाली. मग उठली.

छत्तीस तुकडे होते. करमअलीने ते कॉम्प्युटरवर घेतले, गच्च भरलेल्या फोनमधून पुसून टाकले आणि सवयीने वही उघडली. चित्र: दीड. याहून जास्त देणं म्हणजे लाच घेतल्यासारखं झालं असतं. हात हलत होता, क्षितिज कललेलं होतं, अर्ध्या तुकड्यांत वेणूबाईचं बोट कोपऱ्यात आलेलं. आणि रंग तर विचारूच नका. पाणी चहासारखं, वाळू शेणासारखी, आभाळसुद्धा मळकट. जसजसे तुकडे अलीकडचे, तसतसा रंग वाईट. करमअलीने मान हलवली. स्वस्तातला फोन, खाऱ्या हवेने भिंग खराब होत गेलं असणार. कुवेतला असे शेकडो कॅमेरे त्याने पाहिले होते.

मग त्याला झाकण दिसलं.

प्रत्येक तुकड्यात, खुंटाच्या उजव्या बाजूला, थर्मोकोलचं झाकण. करमअली खुर्चीत ताठ बसला. देवदूताने आणून ठेवल्यासारखी पांढरी वस्तू प्रत्येक चित्रात हजर! त्याने कुलदीपची आठवण काढली आणि कामाला लागला. पहिल्या तुकड्यातलं झाकण पांढरं केलं, पाणी जरासं निवळलं. दहाव्यातलं केलं, जास्त निवळलं. तिसाव्यात झाकण अगदीच तपकिरी दिसत होतं, तिथे त्याला बराच जोर लावावा लागला. पण झाकण शुभ्र झालं आणि त्याबरोबर खाडी अशी हिरवी-निळी झळकली की करमअलीच्या तोंडून "माशाल्ला" निघून गेलं.

पुढचं काम सरावाचं. हलणारं चित्र स्थिर केलं. वाळूवर पांढरे पांढरे ठिपके लुकलुकत होते. स्वस्त कॅमेऱ्यात असा कचरा येतोच म्हणून तो पुसून घेतला. सात-आठ तुकड्यांत वेणूबाईने हातात काहीतरी धरून फोन अगदी जवळ नेला होता, पण सगळं धुरकट, ओळखीचं काहीच नाही. ते त्याने काढून टाकले. खाली फक्त तारखा टाकल्या. बडबड नाही, वाजंत्री नाही. शेवटच्या तुकड्यात टेंभावरून बगळ्यांचा थवा उठत होता, तो मात्र त्याने सगळ्यात शेवटी लावला आणि जरा सावकाश केला. इतकी सुंदर चौकट कोण वाया घालवेल?

दोन दिवस तो त्या खुर्चीतून नमाज आणि जेवणापुरताच उठला. महेरुन्निसा चहा ठेवून जाताना एकदा म्हणाली, "खिडकी उघडून बघा तरी, कशी हाय ती खाडी." तो म्हणाला, "पडद्यावर उजेड येतो."

बुधवारी दुपारी त्याने दोघांना बोलावून मोठ्या टीव्हीवर फिल्म लावली. सात मिनिटं. वेणूबाई खाली सतरंजीवर बसली, खुर्ची नको म्हणाली. दोन मिनिटांनी तिने पदर तोंडाला लावला.

"अशीच व्हती," ती म्हणाली. "माज्या सासूच्या वक्ताला. तळाची वाळू दिसायची."

"छान दिसतं ना?"

"लय छान दिसतं." मग ती म्हणाली, "पन भाय, आता अशी न्हाय. आता लाल पानी हाय. पाय टाकला तर पिंडरीपर्यंत जातो."

करमअली समजुतीने हसला. गिऱ्हाईक नेहमी असंच म्हणतं, की घरचा टीव्ही जास्त लाल दाखवायचा. "वेणूबाय, ते लाल फोनचं होतं. फोनचा डोळा खोटा. मी फक्त त्याची खोट काढली. आता जे आहे ते दिसतंय, पण नीट दिसतंय."

"नि ते शिंपले? उघडे, मेलेले? मी हातात धरून काडले ते?"

"ते धुरकट आले होते. धुरकट दाखवलं की साहेब म्हणतात, काय हे. आपली किंमत जाते."

वेणूबाईने हरेश्वरकडे पाहिलं. हरेश्वर टीव्हीकडे पाहत होता. "भायना कळतं त्यातलं," तो म्हणाला. तिने मान डोलावली. चाळीस वर्षं टेंभावर वाकलेल्या बाईने खाडी कशी दिसते हे सव्वीस वर्षं दुकानात बसलेल्या माणसाकडून मान्य करून घेतलं आणि फोन कनवटीला लावला. जाताना तिने विचारलं, उद्या झाकण बरोबर घेऊ का, साहेबांना दाखवायला. करमअली म्हणाला, घ्या की.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने वहीत दीड खोडून नऊ लिहिला. संदेशाचा रकाना निकालानंतर भरायचं ठरवलं.

सुनावणीला तालुक्याचं सभागृह गच्च भरलं होतं. पुढे टेबलामागे साहेब, एका बाजूला कंपनीची माणसं इस्त्रीच्या शर्टांत, दुसऱ्या बाजूला गाव. कोळीवाड्यातल्या बायका पहिल्या तीन रांगा धरून बसल्या होत्या. करमअलीने ठेवणीतली शेरवानी घातली होती. वेणूबाई त्याच्या शेजारी, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं झाकण. दिवे मालवले आणि पडद्यावर खाडी आली.

सभागृहात कुणीतरी "वा" म्हणालं. करमअलीची मान वर झाली. पुढचं चित्र, पुढची अमावस्या. त्याच वेळी शेजारी पिशवी वाजली. साहेबांसमोर लगेच ठेवता यावं म्हणून वेणूबाईने झाकण बाहेर काढलं होतं. करमअलीने सहज खाली पाहिलं.

झाकण तपकिरी होतं. वरवर मळलेलं नव्हे. तीन वर्षांचा गाळ दाण्यादाण्यांत मुरून, विटेसारखं, कडा तर काळ्या पडलेल्या. पडद्यावर तेच झाकण दुधासारखं पांढरं चमकत होतं.

तो पडद्याकडे बघे, मग मांडीकडे, परत पडद्याकडे. त्याला कळायला किती वेळ लागला? खरं तर लागलाच नाही. जे पांढरं धरून त्याने सगळे रंग जुळवले, ते पांढरं नव्हतंच. दर अमावस्येला झाकणावर जेवढा गाळ चढला, तेवढा गाळ त्याने आपल्या हाताने, मोजूनमापून, सगळ्या खाडीतून काढून टाकला होता. वाळूवरचे ते लुकलुकणारे ठिपके म्हणजे कचरा नव्हता, मेलेले शिंपले होते. पडद्यावर बगळ्यांचा थवा सावकाश उठला आणि दिवे लागले.

कंपनीच्या बाजूचा एक तरुण उभा राहिला, अगदी अदबीने. "साहेब, आम्हाला वेगळं काही मांडायचं नाही. गावानेच दिलेल्या फिल्ममध्ये तीन वर्षं पाणी स्वच्छ आहे, वाळू स्वच्छ आहे, पक्षी आहेत. आमच्या अहवालात हेच लिहिलं आहे. आम्ही त्यांचे आभारी आहोत."

बायकांमध्ये गलका उठला. करमअली धडपडत उभा राहिला. "साहेब, ती फिल्म चुकीची आहे. रंग मी बदललेत. ही माझी चूक आहे."

"म्हणजे फिल्ममध्ये फेरफार केलाय?" साहेबांनी चष्मा वर केला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"फेरफार नाही, साहेब. दुरुस्ती. म्हणजे, मला दुरुस्ती वाटली. झाकण पांढरं आहे असं धरून मी..." त्याने वेणूबाईच्या हातातलं झाकण घेऊन उंच धरलं. "हे बघा, हे असं आहे. आणि फिल्ममध्ये पांढरं दिसतंय. म्हणजे पाणीही असंच धरायला पाहिजे."

साहेबांनी झाकणाकडे पाहिलं. "चाचा, हे कुठल्याही डबक्यात मळलं असतं."

"मूळ शूटिंग आहे घरी. आत्ता घेऊन येतो."

"आणा," साहेब म्हणाले.

रिक्षाने घर, कॉम्प्युटरवरून पेन ड्राइव्ह, रिक्षाने परत. दीड तास. गुडघ्यांचं भान नव्हतं. तो आला तेव्हा सुनावणी संपत आली होती, तरी साहेबांनी चार-पाच तुकडे पाहिले. तपकिरी पाणी, शेणासारखी वाळू, हलणारा हात, कोपऱ्यातलं बोट, धुरकट शिंपले. सभागृहात या खेपेस "वा" कुणी म्हणालं नाही. कंपनीचा तरुण परत उभा राहिला.

"साहेब, सकाळी एक फिल्म आली, दुपारी दुसरी. रंग कॉम्प्युटरवर हवा तसा बदलता येतो, असं हे गृहस्थ स्वतःच सांगत आहेत. मग यातली खरी कुठली, हे आम्ही कसं समजायचं?"

साहेबांनी करमअलीकडे पाहिलं. करमअलीने झाकण पुन्हा उंच धरलं. खाडीत येऊन बघा असं हरेश्वर मागून ओरडला, पण त्या वेळी भरती होती आणि टेंभ पाण्याखाली होता. नोंद झाली ती अशी: गावकऱ्यांनी सादर केलेल्या दोन चित्रफिती परस्परविरोधी असून विश्वासार्ह नाहीत.

परतीच्या टेम्पोत कुणी करमअलीला एक शब्द वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन त्याने शेरवानी खुंटीला लावली, पुढच्या खोलीत गेला आणि तपकिरी पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवला. ओहोटी लागली होती. पाणी लाल होतं. महेरुन्निसा दारात उभी होती.

त्यानंतर त्याने पडदा ओढला नाही की डिस्क लावली नाही. वासिफचं एक पार्सल आलं, ते न फोडता कपाटावर पडलं. फिनलंडच्या माणसाने विचारलं, तब्येत बरी आहे ना. दर ओहोटीला करमअली खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचा आणि बघायचा. खुंट दिसायचा. सुरुवातीला सवयीने दोन-तीन बायका यायच्या, उकरायच्या, परत जायच्या. मग त्याही येईनाशा झाल्या. कंपनीला परवानगी मिळाल्याचं पत्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं, आणि फाल्गुनात तळ उपसणारा ड्रेजर आला. दोन दिवसांत खुंट दिसेनासा झाला. पाचव्या दिवशी टेंभाच्या जागी बार्ज उभा होता.

त्या आठवड्यात वेणूबाई आली. एकटीच, आणि हातात ते झाकण. करमअली खुर्चीतून उठायला गेला, ती "बसा, बसा" म्हणाली आणि सतरंजीवर टेकली. झाकण तिने त्याच्या पायाशी ठेवलं. पांढरंशुभ्र. काथ्याने घासून घासून त्याचे दाणे सुटले होते, एक कोपरा झिजून गोल झाला होता.

"चार दिस धुन्याच्या सोड्यात भिजवलं," ती म्हणाली. "माजीच चूक झाली भाय. नूतन बोलली व्हती, वस्तू ठेव. ती धुवून ठेवायची, येवढं तरी मला कळाया पायजे व्हतं. मी धुतलं असतं तर तुमचा रंग बरोबर आला असता."

करमअली झाकणाकडे बघत राहिला. "नाही वेणूबाय," तो म्हणाला. "चूक माझी. तुम्ही मला सांगितलं होतं. इथे बसून सांगितलं होतं, की पाणी लाल आहे. मी तुमचं ऐकलं नाही."

"तुमाला कळतं त्यातलं म्हनून मी गप रायली."

"मला काहीच कळत नव्हतं."

बाहेर ड्रेजरची घरघर चालू होती, खिडकीची काच तिच्याबरोबर बारीक थरथरत होती. महेरुन्निसाने चहा आणला, तो दोघांनी प्यायला. कप खाली ठेवून वेणूबाईने काळ्या पडलेल्या टीव्हीकडे हनुवटीने खूण केली.

"ती हाय अजून? साहेबाला दावलेली?"

"आहे." पुसून टाकायला त्याचा हात झाला नव्हता. "ती खोटी आहे, वेणूबाय."

"म्हाईत हाय. लावा."

त्याने लावली. दीड महिन्याने टीव्ही उजळला. भर दुपारचं ऊन खिडकीतून थेट काचेवर पडत होतं, त्यामुळे पडद्यावर खाडीऐवजी बाहेरच्या बार्जचं प्रतिबिंबच जास्त दिसत होतं. वेणूबाईने डोळ्यांवर हात धरून पाहायचा प्रयत्न केला, मान इकडे केली, तिकडे केली.

"पडदा ओढा भाय," ती म्हणाली. "उजेडात दिसत न्हाय नीट."

करमअली उठला. पडद्याची कड हातात घेऊन त्याने एकदा बाहेरच्या बार्जकडे पाहिलं. मग त्याने पडदा ओढला. बार्ज गेला, लाल पाणी गेलं आणि काळोख्या खोलीत हिरवी-निळी खाडी लख्ख झाली. वेणूबाई गुडघ्यांवर पुढे सरकली. खुंटाच्या डाव्या हाताला वाळूची एक जागा होती, तिथे तिने काचेवर बोट टेकलं.

"ही माज्या सासूची जागा," ती म्हणाली. "मंग माजी."

सात मिनिटं संपली. बगळे उडाले. ड्रेजरचा आवाज तेवढा खिडकीच्या पडद्यातून येत होता. "परत लावा," वेणूबाई म्हणाली, आणि करमअलीने परत लावली.